हरिहरचा वाटाड्या

विन्या पुण्याचा, मी नाशिकचा आणि हरिहर किल्ला नाशिक जिल्ह्यातला. त्यामुळे किल्ल्याची माहिती देण्याचा मान साहजिकच विन्याकडे गेला. त्र्यंबकेश्वर मागे पडायच्या आत, मोटारसायकलवर मागे बसून, माझ्या हेल्मेटवर टिचक्या मारत त्याने शहाजीराजांपासून मोरोपंत पिंगळ्यांपर्यंत आणि तिथून इंग्रजांपर्यंत सगळा इतिहास सांगून टाकला. वाऱ्यामुळे माझ्यापर्यंत फक्त सन पोहोचत होते. १६३६, १६७०, १८१८. मधलं सगळं खोडाळ्याच्या दिशेने उडून गेलं.

निरगुडपाड्यात गाडी लावली. पार्किंगच्या पाटीखाली एक पिवळट कुत्रा झोपला होता. तो उठला, अंग झटकलं आणि आमच्याकडे ढुंकूनही न बघता पायवाटेला लागला.

"तो येतो बरोबर," पावती फाडणारा पोरगा म्हणाला. "हाकलला तरी येतो."

"नाव काय त्याचं?"

"नाव नाही ठेवलेलं. मोत्या म्हणतात सगळे."

मोत्याच्या अंगावर गळ्यातल्या सुतळीखेरीज काही नव्हतं. विन्याच्या पाठीवर मात्र हिमालयात आठवडा काढता येईल एवढी सॅक होती. तिच्यात दोर, हेडलॅम्प, शिट्टी, ओआरएसची पाकिटं आणि घडीची खुर्ची. शिवाय दोन हातांत दोन काठ्या. माझ्याकडे पाणी आणि आईने दिलेल्या दशम्या. हरिहर सकाळी चढून दुपारी उतरता येतो, हे मी घरीच सांगितलं होतं. पण मी पडलो नाशिकचा.

भातकापणी झालेली खाचरं ओलांडली, कारवीतून वर आलो आणि पठारावर किल्ल्याची ती प्रसिद्ध भिंत समोर उभी राहिली. उभी म्हणजे अक्षरशः उभी. कातळात कोरलेला सरळसोट जिना, आणि त्यावर मुंग्यांसारखी माणसं. १८१८ साली त्र्यंबकगड पडल्यावर इथले सगळे किल्ले इंग्रजांच्या हाती आले. तेव्हा कॅप्टन ब्रिग्ज हा जिना पाहून गेला आणि त्याच्या चढाचं वर्णन करायला शब्द पुरत नाहीत, असं लिहून मोकळा झाला. बाकीच्या बऱ्याच किल्ल्यांच्या वाटा साहेबांनी सुरुंग लावून उडवल्या. ही मात्र राहिली. ती मनात भरली म्हणून राहिली, असं सांगतात. मला वाटतं, उडवायला वर कोण जाणार, असाही प्रश्न पडला असावा.

पायऱ्यांच्या दोन्ही कडांना बोटं अडकवायला खोबणी आहेत. किती पिढ्यांचे हात त्यांतून गेले असतील, आतली कड अगदी गुळगुळीत झाली आहे. वरच्या पायरीच्या खोबणीत बोटं, खालच्या पायरीवर चवडा, आणि नाकासमोर पुढच्या माणसाच्या बुटाचा तळ. पुढचा माणूस विन्या असल्यामुळे माझ्या नाकासमोर त्याच्या दोन काठ्याही होत्या. मनगटाला लोंबकळत त्या दर पायरीला माझ्या कपाळावर टकटक करत होत्या. मोत्या एव्हाना वरच्या दरवाजात बसून कान खाजवत होता.

खरी गंमत दरवाजाच्या पुढे आहे. तिथे कातळाच्या पोटात आडवी वाट कोरली आहे. एका अंगाला कातळ, डोक्यावरही कातळ आणि दुसऱ्या अंगाला काहीच नाही. कंबरेत वाकून, भिंतीला चिकटून जायचं. विन्याची सॅक वर घासायला लागली म्हणून तो रांगायला लागला. निम्म्या वाटेत सॅक अडकली. नेमकं त्याच वेळी, ही मंडळी कुठे राहिली ते बघायला मोत्या पुढून परत आला. दोघांची नाकं एकमेकांपासून वीतभर.

"मोत्या, मागे हो."

मोत्या बसला.

"अरे, घाटात चढणाऱ्याला आधी वाट देतात!"

मोत्याने जांभई दिली. माझ्यामागे दरवाजापासून जिन्यापर्यंत रांग तुंबली होती. काय झालं, अशी विचारणा सुरू झाली. मी मागच्या मुलाला सांगितलं, पुढे कुत्रा आहे. त्याने त्याच्या मागच्या काकांना सांगितलं, कुत्र्यामुळे अडलंय. काकांनी खाली ओरडून सांगितलं, कुत्र्याला कुणीतरी अडवलंय. नाशिक जिल्ह्यात कुत्रं अडवणारा प्राणी एकच. दोन मिनिटांत खालून थरथरता आवाज आला, "बिबट्या केवढा आहे?"

विन्याला मान वळवता येत नव्हती. प्रश्न आपल्यासाठीच आहे एवढं त्याला कळलं.

"मध्यम आहे," तो ओरडला. "बिस्किट दिलं की सरकेल!"

जिन्यावर शांतता पसरली. मग कुणीतरी मारुतिस्तोत्र सुरू केलं. इकडे बिस्किट सॅकमध्ये, सॅक कातळात आणि हात टेकलेले. शेवटी मोत्यालाच दया आली. तो विन्याच्या पोटाखालून सरपटत, शेपटीने त्याचा चेहरा पुसत माझ्याकडे आला, मागे वळला आणि सॅकवर पुढचे दोन पाय देऊन त्याने विन्याला ढकललं. त्याने ढकललं असं मी म्हणतो. विन्या म्हणतो, तो नुसता चढत होता. सॅक सुटली एवढं खरं.

पुढचा जिना आणखी अरुंद. तो कसा चढलो ते आठवत नाही. माथ्यावर तळं, मारुती, जुनं कोठार आणि भोवती ब्रह्मगिरी, अंजनेरी, उतवड, बसगड. खाली वैतरणेचं पाणी चकाकत होतं. मोत्याने आधी माकडं पळवून लावली. हे काम त्याने चोख केलं, नाहीतर दशम्या गेल्याच होत्या. विन्याने खुर्ची उघडली. मोत्याने एक दशमी खाल्ली, दुसरी हुंगली आणि शेजारी बसलेल्या कॉलेजच्या घोळक्याकडे निघून गेला. त्यांच्याकडे उकडलेली अंडी होती.

उतरताना तो त्यांच्याचबरोबर उतरला. आम्ही कातळाकडे तोंड करून पायाने खालची पायरी चाचपत होतो, तेव्हा तो शेजारून डोकं खाली करून सुळकन गेला. ओळखही दाखवली नाही.

"किल्ले असेच पडतात," विन्या म्हणाला. "फितुरीने."

जाणार असाल तर शनिवार-रविवार आणि भर पावसाळा टाळा; ओल्या पायऱ्यांवर चढणारे आणि उतरणारे समोरासमोर आले की सगळेच अडकतात. सॅक लहान घ्या, काठ्या गाडीतच ठेवा. आणि अंडी उकडून न्या.