आपला नम्र निमंत्रक

निमंत्रकाचा फोन सकाळी पावणेसातला येतो. "उठला होतात ना?" असं तो विचारतो खरं, पण उत्तरासाठी थांबत नाही. "दोनच मिनिटं घेतो," म्हणतो आणि चहा गार होईपर्यंत घेतो. तेवढ्यात तुमचं नाव एका उपसमितीत गेलेलं असतं, नावापुढे वर्गणीचा आकडा पडलेला असतो आणि "तुमच्याशिवाय हे होणंच शक्य नाही" हे वाक्य तुम्ही खूश होऊन ऐकलेलं असतं. तेच वाक्य त्या सकाळी आणखी दहा-बारा जणांनी तितकंच खूश होऊन ऐकलंय, हे मागाहून कळतं.

हा माणूस प्रत्येक गावात असतो. सोसायटीची कोजागिरी असो, माजी विद्यार्थ्यांचं स्नेहसंमेलन असो की कुलबांधवांचा मेळावा, पत्रिकेच्या तळाशी "आपला नम्र" असं लिहून सही करणारा तोच. आमच्या वाट्याला आलेला निमंत्रक मुलांच्या पुस्तकांच्या प्रांतातला. आम्ही म्हणजे मुलांसाठी निघालेली पुस्तकं वाचून त्यांच्याविषयी लिहिणारी, बोलणारी, लोकांना ती घ्यायला लावणारी मंडळी. ही जमात विखुरलेली आणि भयंकर हळवी. एकाला गोष्टीच्या शेवटी तात्पर्य लागतं, दुसऱ्याला तात्पर्य दिसलं की पित्त उसळतं. एका बाईंच्या मते चित्रांच्या पुस्तकात शब्द नकोतच. एका काकांच्या मते भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेनंतर मराठीत काही घडलेलंच नाही. पुस्तक सहा वर्षांच्या मुलासाठी की आठ, यावरून दोघांचं बोलणं बंद आहे. आपापल्या घरची मुलं मात्र मोबाइल बघत असतात, या एका मुद्द्यावर आमच्यात पूर्ण एकमत आहे. त्यावर कोणीच बोलत नाही.

अशा लोकांना एका छपराखाली आणायचं, हे ज्याला सुचतं त्याची छाती मानली पाहिजे. आणि तेही पुण्यात नाही, ठाण्यात नाही, तर थेट तंजावुरात!

तंजावूरच का, याचं उत्तर निमंत्रक उभ्याने देतो. बसून देण्याइतकं ते लहान नाही. 1806 साली सरफोजीराजे भोसल्यांच्या छापखान्यातून 'बालबोध मुक्तावली' बाहेर पडलं: इसापच्या गोष्टी, मराठीत, देवनागरी खिळ्यांनी छापलेल्या. मुंबईत सदाशिव काशीनाथ छत्र्यांची इसापनीती यायला 1828 उजाडलं. म्हणजे मराठी मुलाच्या हातातलं छापील गोष्टीचं पुस्तक कावेरीकाठी बावीस वर्षं आधी तयार होतं. इथे निमंत्रक पाण्याचा घोट घेतो. मग चांदोबा. तुमच्या-आमच्या लहानपणी विक्रमाच्या खांद्यावर वेताळ बसवणारं ते मासिक 1952 पासून मराठीत येत होतं ते मद्रासहून. "एवढं देणं आहे या मातीचं! फेडायचं कोणी?" असं म्हणून तो ज्याच्याकडे बघतो, तो भोजन उपसमितीत जातो.

यातलं सगळं खरं आहे, ही त्याच्या बाबतीतली मोठी अडचण. अभ्यास त्याचा पक्का असतो. फक्त त्या अभ्यासाचा उपयोग तो प्रास्ताविकापुरता करतो.

मग ग्रुप निघतात. 'तंजावूर मेळावा', 'तंजावूर मेळावा (फक्त सूचना)', 'तंजावूर रेल्वे', 'तंजावूर भोजन' आणि 'तंजावूर कोअर'. 'फक्त सूचना'मध्ये लोक सुप्रभातची फुलं टाकतात, 'भोजन'मध्ये चेन्नईहून रात्रीच्या गाडीत खालचा बर्थ मिळेल का हे विचारतात आणि 'कोअर'मध्ये कोण आहे ते कोणालाच माहीत नसतं. निमंत्रक पाचही ठिकाणी प्रत्येकाला उत्तर देतो. रात्री दीडला "शुभरात्री" आणि पहाटे पाचला "शुभ सकाळ". मधल्या वेळात तो कार्यक्रमपत्रिका बदलतो.

तारखेवरून पहिली ठिणगी पडली. मंडळींचं म्हणणं, 2 एप्रिल धरा. अँडरसनचा जन्मदिवस, मुलांच्या पुस्तकांचा आंतरराष्ट्रीय दिवस. निमंत्रक म्हणाला, एप्रिलमध्ये परीक्षा आणि तंजावुरातलं ऊन. धरायचा तर बालदिन, 14 नोव्हेंबर. हवा कशी छान गार! तंजावूरचे आमचे यजमान निवृत्त शिक्षक, पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच राव. घरात मराठी, बाहेर तमिळ. 1675च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावूर घेतलं तेव्हापासूनच्या काळाशी नातं सांगणारं त्यांचं मराठी आपल्या कानाला जुनं लागतं आणि चाल तमिळची. ते फोनवर हळूच म्हणाले, "पाऊस असतो हो तेव्हा."

"दिवाळीनंतर पाऊस कसला, रावसाहेब!" निमंत्रक हसला.

राव गप्प बसले. तंजावूरचा माणूस मोठा सभ्य. दोनदा नाही म्हणत नाही. निमंत्रक त्या गप्प बसण्याला होकार समजला. आता आपला मोसमी पाऊस आटोपतो तेव्हा तमिळनाडूत ईशान्येकडचा सुरू होतो आणि कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाला वर्षातलं मोठं पाणी ऑक्टोबर ते डिसेंबर याच दिवसांत मिळतं, हे शाळेच्या भूगोलात असतं. सरफोजीराजांनी तर 'देवेंद्र कुरवंजी' या मराठी नाटकात भविष्य सांगणाऱ्या बाईच्या तोंडून साऱ्या जगाचा भूगोल वदवून घेतलाय. आमच्या निमंत्रकाने त्या नाटकाचा उल्लेख प्रास्ताविकात तीनदा केला होता.

जागा ठरली राजवाड्यापासून चालत जाण्यासारखी, एका कल्याण मंडपात. लग्नाचा हॉल. व्यासपीठावर वधूवरांच्या लाल मखमली खुर्च्या, सोनेरी पाठीच्या, त्याही दोनच. एका खुर्चीवर अध्यक्ष हे ठरलेलं. दुसरीवर उद्‌घाटक की प्रमुख पाहुणे, यावर 'कोअर'मध्ये तीन दिवस खल झाला. शेवटी तडजोड अशी, की उद्‌घाटनापर्यंत उद्‌घाटक आणि नंतर पाहुणे. प्रत्यक्षात अध्यक्ष आणि उद्‌घाटक बाई शेजारी शेजारी बसल्या तेव्हा मंडपाच्या रखवालदाराने सवयीने नादस्वरमची कॅसेट लावायला हात पुढे केला होता, असं राव सांगतात.

बॅनर हा निमंत्रकाचा जीव की प्राण. तंजावुरात तो तिथल्याच फ्लेक्सवाल्याकडून करून घ्यायचा होता. दुकानातल्या पोराला देवनागरी म्हणजे नुसती नक्षी. त्याच्या संगणकात जोडाक्षरं फुटली. 'बालसाहित्य' मधला त अर्धा होऊन पाय मोडून पडला, 'प्रेमी' मधला र वेगळा निघाला आणि वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसल्या. ज्या गावात दोनशे वर्षांपूर्वी देवनागरी खिळे जुळवून इसाप छापला गेला, त्या गावात आम्ही आमचं नावही धड छापू शकलो नाही. निमंत्रक रात्री अकरापर्यंत त्या दुकानात बसून राहिला आणि काळ्या मार्करने प्रत्येक अक्षर स्वतः दुरुस्त करून मगच उठला. हे मी पाहिलंय. चेहऱ्यावर त्रागा नव्हता. गृहपाठ तपासणाऱ्या मास्तरांची तंद्री होती.

आदल्या दिवशी स्थलदर्शन झालं. बृहदीश्वराच्या मंदिरात भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास कोरलाय, 1803 सालचा प्रचंड मराठी शिलालेख. आम्ही अक्षरं लावत होतो. निमंत्रक मागे हात बांधून बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "याला म्हणतात पाहुण्यांचा परिचय!" दुपारी ग्रंथदिंडीचा विषय निघाला. पालखीत साक्षात 1806 चं पुस्तक ठेवावं असं त्याच्या मनात होतं. रावांनी घाम पुसत समजावलं, की अशी पुस्तकं पावसापाण्यात मिरवायची नसतात. मग पालखीत फास्टर फेणे बसला. काकांना भरून आलं.

जेवणात पानावर सांबार आलं. ते तंजावूरच्या मराठी दरबारात जन्मलं आणि संभाजीराजांच्या नावावरून सांबार झालं, ही दंतकथा प्रत्येक पाहुण्याने रावांना सांगितली. रावांनी ती प्रत्येकाकडून पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी ऐकली.

14 तारखेला पहाटेपासून धो धो. सकाळी बातमी आली: पावसामुळे शाळांना सुट्टी. दोन शाळांची मुलं रांगेत, गणवेशात येऊन स्वागतगीत म्हणणार होती. ती येणार नव्हती. तशी कार्यक्रमपत्रिकेत मुलांसाठी जागा फार नव्हतीच. दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, परिचय, सत्कार, उद्‌घाटन, बीजभाषण, अध्यक्षीय मनोगत, आणि भोजनाआधी दहा मिनिटं 'बालकांशी संवाद'. शिवाय मुलांची जागा शेवटच्या दोन रांगांत. पुढच्या रांगा मान्यवरांच्या. मान्यवरही पावसात अडकले. पुढच्या रांगा रिकाम्या, मागच्याही रिकाम्या, मधे आम्ही. प्रास्ताविक 1806 पर्यंत आलं आणि वीज गेली. माइक मेला.

तंजावुरात एक बाहुली मिळते, मातीची, बुडाला जड. कितीही आडवी करा, डोलत उठून बसते. स्मृतिचिन्ह म्हणून तीच ठरली होती, कारण तंजावूरची कलाथाळी अंदाजपत्रकात बसली नव्हती. निमंत्रकाकडे बघितल्यावर पटलं, की निवड चुकीची नव्हती. वीज नाही म्हटल्यावर तो क्षणभर आडवा झाला आणि लगेच उभा. "सगळे व्हरांड्यात चला! उजेड आहे!"

व्हरांड्यात गल्लीतली पोरं पाऊस बघायला जमली होती. सुट्टी मिळालेली, गणवेश नाही, नाक वाहणारी, एकाच्या हातात सायकलचा टायर. इंदूरहून आलेल्या बाईंनी, त्याच शब्द-नकोत पक्षाच्या, पिशवीतून चित्रांचं पुस्तक काढलं. गोष्ट इसापचीच, सिंह आणि उंदराची. त्या मराठीत सांगायच्या, राव तमिळमध्ये. पोरं पुढे सरकत सरकत पुस्तकाला चिकटली. उंदराने जाळं कुरतडलं, सिंह सुटला, गोष्ट संपली. टायरवाल्या पोराने विचारलं आणि रावांनी मराठीत सांगितलं: "तो विचारतोय, मग जाळं लावणारा माणूस त्या रात्री काय जेवला?"

कोणी बोलेना. तात्पर्यवाल्या गृहस्थांनी वही काढली, तात्पर्यविरोधकांनीही काढली. मुलांच्या पुस्तकांवर आयुष्यभर लिहिणाऱ्या एवढ्या माणसांत उत्तर कोणाकडेच नव्हतं. ते द्यायला टायरवालाच पुढे आला: त्याने मासे पकडले असतील, इथे मासे पुष्कळ आहेत.

"हे सत्र पत्रिकेत नाही," निमंत्रक मागून पुटपुटला. मग घाईघाईने पुढे आला. "बाई, परत एकदा वाचता का? फोटो राहिला."

त्याला हसणं सोपं आहे आणि आम्ही परतीच्या गाडीत पोटभर हसलो. महिनाभराने त्याने सगळ्यांना जमाखर्च पाठवला, पैशापैशासकट: फ्लेक्स, मार्कर, बाहुल्या, केळीची पानं, रखवालदाराला चहा. खाली तूट दाखवली होती आणि तिच्यापुढे लिहिलं होतं, 'निमंत्रकाकडून'. त्याबद्दल त्याचा फोन मात्र कोणालाच आला नाही.

सरफोजीराजांनी मुलांच्या पुस्तकांचा मेळावा भरवल्याची नोंद नाही. त्यांनी 'नवविद्याकलानिधी' छापखाना काढला, इसाप मराठीत आणवला आणि ओरत्तनाडूच्या मुक्तांबाळ छत्रात 1802 पासून येणाऱ्या-जाणाऱ्याला जेवण आणि मुलांना शाळा दिली. काम करायचं तर ते असं. पण राजा एखादाच होतो, आणि बाकीच्या काळात पुस्तकं आणि माणसं एका जागी आणायचं काम निमंत्रकावरच येऊन पडतं. तो नसता तर इंदूरची बाई, तंजावूरचे राव आणि टायरवाला पोरगा जन्मात भेटले नसते.

म्हणून, वाचकहो, पावणेसातचा फोन वाजला तर उचला. वर्गणी द्या, भोजन उपसमितीत जा, सुप्रभातची फुलंही सहन करा. फक्त दोन अटी आधीच लिहून घ्या: पहिली रांग मुलांची, आणि प्रास्ताविकाच्या आधी एक गोष्ट मोठ्याने वाचायची. तो दोन्ही मान्य करील. मग पत्रिका छापून आली की त्या तिच्यात आहेत ना, ते मात्र तपासून घ्या.