टपावर पेटी, पेटीत वारा

ऐकलंत का? वरच्या आळीत पेटी आली! दागिन्यांची नव्हे हो, ती केव्हाच बँकेच्या लॉकरात गेली. गाडीच्या टपावरची. काळी, चकचकीत, उलट्या घातलेल्या होडीसारखी. आली त्या संध्याकाळी अख्खी आळी या ना त्या निमित्ताने गाडीपाशी फिरकून गेली. कुणी दूध आणायला, कुणी नसलेलं काम काढून. एका आजींनी मान वर करकरून पाहिलं आणि विचारलं, "सूनबाई, हा एसी का गं?" दुसऱ्या म्हणाल्या, "एसी कसला, दवाखान्याच्या गाडीवर असतं बाई असलं काहीतरी." तिसऱ्या जे म्हणाल्या ते इथे लिहिता येणार नाही, लग्नसराई आहे.

खरं तर आमचं नवलाख उंबरे हे गाडी पाहून हरखणारं गाव नव्हे. शिवेला तळेगावची एमआयडीसी. जनरल मोटर्सने 2008 मध्ये इथला कारखाना सुरू केला, 'स्पार्क' काढली, 'बीट' काढली, 2020 सरता सरता गाशा गुंडाळला. 2023 मध्ये ह्युंदाईने तो घ्यायचा करार केला. नव्याकोऱ्या गाड्या ट्रेलरवर लादून निघालेल्या रोज बघायच्या, त्यांना एका गाडीचं काय कौतुक? त्यात जमिनी गेल्या, मोबदले आले, मोबदल्याच्या एसयूव्ही झाल्या. दारात पांढरी गाडी उभी आहे म्हणून आता कुणी वळूनही पाहत नाही, कारण शेजाऱ्याकडेही तीच, नंबर काय तो वेगळा. मग उठून दिसायचं कसं? चाकं बदलून झाली, काचा काळ्या करून पावत्या फाडून झाल्या, मागच्या काचेवर 'आईची कृपा' लावून झाली. उरला होता टप. त्याच्यावर डोळा जायचाच होता.

बरं, टपावर सामान हे या लोकांना नवीन आहे का? एसटीच्या मागची शिडी चढून टपावर पोती, खाटा, सायकली कुणी चढवल्या? यांच्याच वडलांनी. वडापच्या ट्रॅक्सवर माणसंसुद्धा चढत. टाटांची सुमो 1994 मध्ये आली, तिच्या कॅरियरवर ताडपत्री टाकून, नायलॉनच्या दोरीने करकचून बांधून किती रुखवतं या रस्त्यांनी गेली असतील! मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीची तर ओळखच ते लोखंडी कॅरियर. शेवटची नोंदलेली पद्मिनी 2023 च्या ऑक्टोबरात वीस वर्षांची मर्यादा पुरी करून बाजूला झाली, तोवर निम्म्या कोकणाचं बिऱ्हाड तसल्याच टपांवरून स्टेशनाला लागलं होतं. या जुन्या गाड्यांच्या टपाला कडेने पन्हळ असायची. कॅरियरचे पाय त्या पन्हळीत अडकवायचे, बोल्ट आवळायचे, संपला विषय. फार तर दोनशे-तीनशे रुपयांची दोरी.

आता मात्र दोरी म्हटलं की धाकटे नाक मुरडतात. आता पेटीच हवी, तीही स्वीडनची! त्यातलं सगळ्यात बडं नाव थुली. ही कंपनी 1942 मध्ये निघाली ती मासे पकडायचे सापळे करायला. गाडीच्या टपाकडे ती मागाहून वळली. सापळ्याचा धंदा तिने खरंच सोडला का, याबद्दल आमच्या आळीत दोन तट आहेत, कारण दांड्यांसकट पेटीचा आकडा म्हणे लाखाच्या आसपास गेला.

पण खरी भानगड पुढेच आहे. दुकानदाराने विचारलं, "गाडीचं माहितीपुस्तक बघितलंत का?" पेटीचे मालक, म्हणजे वरच्या आळीतले दादा, म्हणाले, "ते सीलबंद आहे." ते उघडलं असतं तर कळलं असतं की बहुतेक गाड्यांच्या टपाला, गाडी चालती असताना, 50 ते 75 किलोच वजन चालतं, काहींना थोडं अधिक. आणि त्यात पेटीही आली, तिच्याखालचे आडवे दांडेही आले. आता हिशेब मांडा. मोठी पेटी वीसेक किलो, दांडे पाचेक. 75 मधून 25 गेले, राहिले 50. म्हणजे इंद्रायणीचं एक पोतं! वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने 1987 मध्ये दिलेल्या या तांदळाशिवाय इथला कुठला माणूस मुंबईच्या पाहुण्यांकडे जातो? चारशे-साडेचारशे लिटरची ऐसपैस पेटी, आणि आत पोतं एक. शिवाय तेही वर ठेवू नये. जड सामान खाली डिकीत, हलकं वर, नाहीतर घाटातल्या वळणावर गाडी झोल खाते. मग लाखाच्या पेटीत ठेवायचं काय? उशा, चादरी, स्वेटर, चटई आणि पोरांची फुगवायची ट्यूब.

काही गाड्यांच्या टपावरच्या त्या कडेच्या चंदेरी पट्ट्या आहेत ना, त्या निव्वळ शोभेच्या असतात. त्यांना दांडे आवळले तर द्रुतगती मार्गावर ताशी 100 ने जाताना पेटी कुणाच्या पुढ्यात जाऊन पडेल ते सांगवत नाही. टप साधा, पट्टीवाला की पन्हळीचा, ते पाहून त्याच मापाचे दांडे घ्यावे लागतात. हे पाहायला कुणाला वेळ आहे! रंगाचा खल मात्र तीन दिवस चालला होता, गाडी मोत्यासारखी पांढरी, पेटी काळी शोभेल की राखाडी.

आणि सनरूफ? अहो, त्या सनरूफसाठी वरचं मॉडेल घेतलं, लाखभर जादा मोजले, पोरांना त्यातून मुंडकी काढू नका म्हणून घसा कोरडा केला. आता त्याच्यावरच पेटी! काच सरकवली की आकाशाच्या जागी काळं प्लॅस्टिक. सासरेबुवा म्हणाले, "छपराला भोक पाडायचे पैसे दिले, बुजवायचेही दिले." डिकीचं दारही आता पूर्ण उघडत नाही, पेटीच्या बुडाला टेकतं. पुण्यातल्या मॉलच्या तळघरात शिरायचं म्हटलं तर दाराशी उंचीचा दांडा आडवा, आणि मागे हॉर्नची रांग. वहिनी खाली उतरून "येऊ द्या, येऊ द्या" करत होत्या, आणि दादांना घाम.

लोणावळ्याची तऱ्हा आणखी वेगळी. रविवारी टायगर पॉइंटच्या रस्त्याला लागलेल्या गाड्या बघा. टपावर जाळी, जाळीत फावडं, जादा टायर, दोन जेरीकॅन. जणू लडाखातच निघालेत! जेरीकॅन रिकामे, हे वाऱ्यावर वाजतात त्यावरून कळतं. अडकतात कुठे, तर भुशी धरणाच्या अलीकडे, मक्याच्या कणसाच्या गाडीशी. आणि गावातली हौस वेगळीच. एकाने टपावरून कपाट नेलं, दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर. 2019 च्या सुधारित मोटार कायद्यात बाहेर डोकावणाऱ्या सामानाला 20 हजार दंड आहे, हे त्याला नाक्यावर समजलं म्हणतात. कपाट बारा हजारांचं होतं.

आमचं ऐकाल तर वर्षातून एकदा तुळजापूर-कोल्हापूर करणाऱ्याला कापडी बॅग पुष्कळ. जलरोधक असते, काम झालं की घडी घालून माळ्यावर जाते. पट्टे बांधताना मात्र प्रत्येकाला एक पीळ द्यायचा. सपाट पट्टा वाऱ्यावर असा घूं घूं करतो की मागे बसलेली आत्या वडगावपासूनच "गाडीत भुंगा शिरलाय" म्हणून घायकुतीला येते. पीळ दिला की आवाज बंद. आत्याचा नाही, पट्ट्याचा. आणि परत आल्यावर जे काय असेल ते टपावरून उतरवायचं. रिकामी पेटीही वारा अडवते आणि डिझेल पिते. पण उतरवली तर आळीला दिसणार कशी? म्हणून ती बारा महिने वर. दादा तळेगावात भाजी आणायलाही पेटी घेऊनच जातात. परवा कोथिंबिरीची जुडी तिच्यातून काढताना पाहिलं त्यांना, किल्ली लावून!

हे एवढ्यावर थांबलं असतं तर आम्ही गप्प बसलो असतो. पण खालच्या आळीला ही पेटी झोंबली. तिथे आता टपावरचा तंबू येतोय. हो, तंबू! गाडी उभी असली की टप चालतीपेक्षा बराच जास्त भार झेलतो, त्यामुळे शिडी लावून दोघं वर झोपू शकतात. घर तीनमजली, वर गच्ची, गच्चीवर झोपाळा, आणि नवरा-बायको झोपणार अंगणात गाडीच्या डोक्यावर. जाधववाडीच्या धरणावर नेऊ म्हणतात, पण पहिली रात्र दारातच काढायची ठरली आहे, सगळ्यांना दिसेल अशी. त्या घरच्या सूनबाईंचे गुडघे दुखतात, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. शिडी कोण धरणार, यावरून घरात सध्या बोलणी बंद आहेत.