कॉफीचं जातं : निवड, निगा आणि नातेवाईक

जुनी इंदूर ही होळकरांच्याही आधीची वस्ती. राजवाडा पुष्कळ नंतर झाला, तोही खान नदीच्या पलीकडे. एवढ्या जुन्या वस्तीत घरात नवी वस्तू आणायची म्हणजे परवानगी लागते, आणि ती घरातल्या सर्वांत ज्येष्ठ बाईची. म्हणून नियम पहिला : हातानं फिरवायचा कॉफी ग्राइंडर खोक्यातून काढताना आजी झोपलेली असावी. जागी असली तर ती एकच प्रश्न विचारील, ‘‘केवढ्याला पडलं हे?’’ खरी किंमत सांगू नये. खोटीही सांगू नये. तीही तिला जास्तच वाटणार.

तिचा दुसरा प्रश्न त्याहून अवघड असतो. ‘‘म्हणजे जातंच की रे हे. मग आपलं काय वाईट होतं?’’ याला उत्तर नाही. खाली स्थिर दात, वर फिरते दात, मधे दाणे आणि बाजूला खुंटा. प्यूजो या फ्रेंच घराण्यानं मोटारी काढायच्या कितीतरी आधी, 1840 मध्ये, कॉफीची हातगिरणी बाजारात आणली. पण आजीच्या माहेरचं जातं त्या वेळी फिरतच होतं. तेव्हा तंत्रज्ञानाच्या गप्पा घराबाहेर माराव्यात.

मराठी घरात कॉफी नव्हती असं नाही. ती एकादशीला होती, तापातून उठलेल्या माणसासाठी होती आणि मुलगी पाहायला आलेल्यांसाठी होती. पेस्तनजी एदलजी दलाल यांनी 1888 मध्ये मुंबईत कॉफी भाजून-दळून विकायला सुरुवात केली, आणि पुढे ‘पोलसन’चा डबा हीच कित्येक घरांत कॉफीची ओळख झाली. त्यात चिकोरी असायची. ती पूड दुधात उकळायची, साखर मुक्त हस्तानं घालायची आणि वरून जायफळ किसायचं. जायफळ किसणं एवढंच काय ते त्या कॉफीतलं दळणकाम. उरलेलं वर्षभर चहा, आणि सकाळी त्याच्यासोबत पोहे-जिलबी. अशा घरात ‘दाणे आयत्या वेळी दळले पाहिजेत’ असं म्हणणारा माणूस उठला, की त्याच्याकडे सगळे जरा काळजीनं बघतात.

पण तो माणूस बरोबर असतो, ही खरी पंचाईत आहे. भाजलेला दाणा नीट बंद डब्यात महिनाभर बरा टिकतो. दळल्यावर मात्र त्याचा वास तासाभरातच उडू लागतो. मिक्सरमध्ये का नाही? तर मिक्सरचं पातं दळत नाही, तोडतं. त्यात थोडी धूळ होते आणि थोडे खडे राहतात. पाणी घातलं की धूळ कडू होते, खडे आंबट राहतात, आणि दोन्ही एकाच कपात येतात. दाताच्या यंत्रात दोन दातांमधली फट ठरलेली असते. त्या फटीहून मोठा कण खाली पडत नाही. एवढ्यासाठी पैसे मोजायचे.

आता खरेदी. बर्तन बाजारात विचारू नये. तिथे पितळी खलबत्त्यापासून वीस माणसांच्या कढईपर्यंत सगळं मिळतं, पण कॉफीचा ग्राइंडर म्हटलं की दुकानदार थंडपणे म्हणतो, ‘‘भिया, मिक्सर ले जाओ, दो साल की गारंटी है.’’ हा सल्ला प्रामाणिक असतो, त्यामुळे मन डळमळतं. ऑनलाइनच मागवावा, आणि खोकं शेजारी उतरवू नये, कारण संध्याकाळपर्यंत शनि मंदिराच्या गल्लीत बातमी पोचते.

हजार-दीड हजाराचे ग्राइंडर असतात, वीस हजारांच्या वरचेही असतात. रंग पाहू नका, दात पाहा. स्वस्तात बहुधा सिरॅमिकचे दात येतात. ते गंजत नाहीत, पण दाण्यांत चुकून खडा आला तर टवका उडतो, आणि दळायला वेळ लागतो. पोलादी दात धारदार असतात; अठरा ग्रॅम दाणे साधारण मिनिटभरात खाली येतात. मग मधला दांडा बोटानं हलवून बघा. तो डगमगला, तर यंत्र बारीक कसंबसं दळेल, पण जाड दळताना एक कण तांदळाएवढा आणि दुसरा राखेएवढा पडेल. दांड्याला वर आणि खाली दोन्हीकडे बेअरिंग असलेलं यंत्र घ्यावं. शेवटची परीक्षा हाताच्या पंज्याची. डबा मुठीत पुरता बसला पाहिजे. नाहीतर तो गुडघ्यांत धरावा लागतो, आणि त्या अवस्थेत कुणी बघितलं तर कॉफीचं शास्त्र समजावून सांगता येत नाही.

यंत्रासोबत येणारी पुस्तिका ‘मध्यम-बारीक’ वगैरे म्हणते. त्यावरून काही कळत नाही. आपल्या स्वयंपाकघरात यासाठी लागणारी मापं आधीच आहेत. फ्रेंच प्रेसला लापशीचा रवा. गाळणीच्या कागदातून पाणी सोडायचं असेल तर उपम्याचा जाड रवा. दाक्षिणात्य फिल्टरला आणि मोका पॉटला बारीक रवा, बोटांत जरा कचकच लागेल असा. तुर्की पद्धतीला वस्त्रगाळ पीठ; त्याच्या वाटेला सकाळी घाई असताना जाऊ नये. दळण बदलायचं तर आतली चकती आधी दात एकमेकांना टेकेपर्यंत आवळायची, तो शून्य. तिथून टकटक मोजत मागे यायचं. ही टकटक एका चिठ्ठीवर लिहून डब्याला चिकटवावी. घरातलं एखादं मूल चकती फिरवून जाणारच आहे.

दळण्याची रीत आजीकडून शिकावी, पण तिला न कळू देता. जात्यात एकदम ओंजळभर ज्वारी लोटणाऱ्या नव्या सुनेला काय ऐकावं लागत असे ते ती अजून सांगते. मूठमूठ वैरावं, हात एका लयीत फिरवावा, जोर लावू नये. नेमकं हेच कॉफीला लागू आहे : यंत्र थोडं तिरपं धरलं की दाणे हळूहळू दातांत उतरतात आणि धूळ कमी होते. हे शोधून काढल्याबद्दल परदेशातले लोक एकमेकांचं फार अभिनंदन करतात. हलक्या भाजणीचे दाणे टणक, त्यांना मनगट लागतं. गडद भाजणीचे सहज फुटतात. पहिल्या दिवशी गडद घ्यावेत, म्हणजे अपमान टळतो.

मे महिन्यात माळव्याची कोरडी हवा आणखी एक खोडी काढते. पूड डब्याच्या भिंतींना, बोटांना, शर्टाला चिकटते. दळण्याआधी दाण्यांवर पाण्याचा एकच थेंब घालून चमच्याच्या दांड्यानं ढवळावं. यात थट्टा नाही. दळताना कणांवर वीज साचते आणि थोड्या पाण्यानं ती उतरते, हे अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2023 मध्ये दाखवलं, आणि त्यासाठी ज्वालामुखीच्या राखेतल्या विजेचा अभ्यास करणारी मंडळी सोबत घेतली. पावसाळ्यात, घरात टॉवेलसुद्धा वाळत नसतो तेव्हा, थेंबाची गरज नाही.

आता नातेवाईक. हे प्रकरण पुस्तिकेत नसतं. यंत्रात एका वेळी वीस-पंचवीस ग्रॅम दाणे मावतात. त्यात दोन कप होतात, फिल्टरच्या काढ्यात भरपूर दूध घातलं तर तीन. यंत्राचा आवाज मात्र चंद्रभागा मोहल्ल्यापर्यंत जातो, आणि दळण संपेपर्यंत ओट्यावर सात माणसं बसलेली असतात. काका म्हणतात, ‘‘तू करूनच राहिला आहेस, तर माझाही अर्धा कप टाक.’’ आत्या म्हणतात, ‘‘मला नको बाई,’’ आणि ज्यांना नको असते त्यांना सर्वांत मोठा कप लागतो. तिसऱ्या भरणीला मनगट भरून येतं. चौथ्या भरणीला यंत्र काकांच्या हातात द्यावं. ते नाही म्हणत नाहीत. आपल्या वेळी हे सगळं किती सोपं होतं ते सांगत दळतात, आणि आपल्यापेक्षा एकसारखं दळतात.

चवीचा वाद घालू नये. दाण्यांच्या पुडीवर संत्र्याची साल, जाईची फुलं, मनुका असं काही छापलेलं असतं. ते मोठ्यानं वाचू नका. वाचलंत, तर आत्या विचारतात की मग हे सगळं घातलं का नाही. ज्येष्ठांना दाट कॉफी हवी असते आणि तो दाटपणा चिकोरीचा असतो. नियमाप्रमाणे कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात निदान 51 टक्के कॉफी लागते, म्हणजे जवळजवळ निम्मा डबा चिकोरी असू शकतो. चिकोरीची तयार पूड दळलेल्या कॉफीत मागाहून मिसळावी आणि गप्प बसावं. जायफळही कपात, किसूनच.

कारण यंत्रात जायफळ गेलं की त्याचं तेल महिनाभर निघत नाही. निगेचा सगळा भाग याच एका वाक्यात येतो : यात कॉफीखेरीज काहीही घालू देऊ नका. पाण्यानं धुऊ नका, कोरड्या ब्रशनं झटका, दात सुटे करून पुसा. साफ करायला तांदूळ दळा, असं कुणी सांगेल. कच्चा तांदूळ कॉफीपेक्षा कितीतरी कठीण असतो, ऐकू नका. खरा धोका मात्र इंदुरी आहे. पोह्यांवरचं जिरावण संपलेलं असतं, लाइट गेलेली असते, आणि कपाटात हे नेटकं, धारदार, विजेशिवाय चालणारं यंत्र दिसतं. जिरं, काळी मिरी, काळं मीठ अशी सगळी मंडळी त्यात उतरतात. त्या दिवशी जिरावण अप्रतिम होतं, हेही कबूल करायला हवं.

तेव्हा ग्राइंडर जरूर घ्या, पोलादी दातांचा घ्या, आणि कपाटाची किल्ली खिशात ठेवा. मिक्सर मात्र काढून टाकू नका. दाण्याचं कूट, जिरावण आणि सातांहून जास्त पाहुण्यांची कॉफी त्यातच होणार आहे.