गाडी विकणे आहे, हौसेसकट

यवतमाळात जुनी अल्टो विकायची असेल तर दत्त चौकात चहा पिता पिता चार जणांच्या कानावर घातलं तरी पुरतं. संध्याकाळपर्यंत कुणाचा साळा, कुणाचा भाचा गाडी पाहायला हजर. पण गाडी २०१२ची थार असेल, तिला तेहतीस इंची चाकं, पुढे विंच, टपावर दिव्यांची पट्टी आणि काचेच्या कडेने वर गेलेलं स्नॉर्कल असेल, तर पाहायला अख्खी गल्ली लोटते. घ्यायला मात्र कुणी येत नाही.

अशा गाडीचा मालक चटकन ओळखू येतो. त्याला किंमत विचारली तर तो खर्च सांगतो. "टायरलेच किती गेले माहीत हाय का भाऊ? विंच अलग. सस्पेंशन पुण्याहून आणलं." त्याच्या हिशेबात गाडीची किंमत अधिक सामानाची किंमत. गिऱ्हाईकाच्या हिशेबात गाडीची किंमत उणे ते सामान काढायची मजुरी.

जीप या मुलखाला नवी नाही. महिंद्राने १९४७ साली मुंबईत विलिज जीपची जुळणी सुरू केली, तेव्हापासून वनखात्यापासून तहसीलपर्यंत सगळा सरकारी दरारा जीपमधूनच फिरला. पुढे काळी-पिवळी कमांडर आली आणि वीस-वीस माणसं कोंबून खेडोपाडी धावली. त्या पिढीच्या माणसाने २०१०च्या अवतारातल्या थारचं मागचं दार उघडलं की त्याला पहिला प्रश्न पडतो, "सीटा कुठं गेल्या?" मालक अभिमानाने सांगतो, की बाकडी काढून तिथे रोल केज बसवलाय. पाहुणा लोखंडी पाइपांकडे बघतो आणि विचारतो, "मंग माणसं कायले धरून बसतीन?"

स्नॉर्कलची परीक्षा याहून कडक. इंजिनाला लागणारी हवा टपाच्या उंचीवरून आत घ्यायची, म्हणजे नाल्याच्या पाण्यातून जाताना पाणी इंजिनात शिरत नाही, एवढंच त्याचं काम. पण "हे धुराडं समोर काऊन लावलं?" या प्रश्नाला "पाण्यातून जायले" असं उत्तर दिलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: "आपल्या इथं पाणी कुठं हाय बावा?" २०१८च्या उन्हाळ्यात ज्या शहरात टँकरपुढे रांगा लागल्या, तिथे या प्रश्नाला उत्तर नसतं.

खरा अवघड रस्ता म्हणाल तर तो जिल्ह्यात जागोजागी आहे, त्याला पांदण म्हणतात. पावसाळ्यात काळ्या मातीचा गारा टायरच्या खोल नक्षीत असा भरतो, की महागडं मड टायरही गुळगुळीत होऊन जागच्या जागी फिरतं. मग बांधावरचा कास्तकार ट्रॅक्टर घेऊन येतो आणि थार ओढून काढतो. हाच माणूस दिवाळीनंतर कापसाचे पैसे हातात आले की गिऱ्हाईक म्हणून दारात उभा राहतो. भाव पाडायचं कारण त्याला आयतंच मिळालेलं असतं.

आणि तो गाडी बघतो ती बाजारात बैल बघावा तशी. दिव्यांच्या पट्टीकडे ढुंकूनही न पाहता थेट खाली वाकतो. चासीच्या कोपऱ्यात नखाने खरवडून गंज बघतो. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडतो आणि आतून धूर फेकते का, ते पाहतो. डिफरन्शियलचा नट सैल करायला लावतो. ऑइल दुधाळ निघालं तर पाणी आत शिरलं, हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. मग उठून हात झटकतो आणि विचारतो, "एव्हरेज का देते?"

मीटरवर ७०,००० किलोमीटर, असं मालक छातीठोकपणे सांगतो. तो खोटं बोलत नाही, चाकं बोलतात. कंपनीचं चाक साधारण एकोणतीस इंची; त्याजागी तेहतीस इंची आलं की चाकाच्या एका फेरीत गाडी जास्त अंतर कापते आणि मीटरला त्याचा पत्ताच नसतो. मोठी चाकं पहिल्यापासून असतील, तर ते ७०,००० म्हणजे खरे ८०,०००च्या आसपास.

बाकीचे पाहुणेही ठरलेले. कॉलेजचं पोरगं रील काढून जातं. नगरपालिकेचा इच्छुक उमेदवार "मिरवणुकीपुरती देता का, डिझेल आमचं" म्हणतो. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने चालवता येत नाही, हे त्याला कानाआड करायचं असतं. कुणी टिपेश्वरचं नाव काढतं. पण तिथली सफारी म्हणजे जिप्सी. सायलेन्सर बदललेली डिझेल थार जंगलात नेली, तर वाघ पळेल आणि वनरक्षक तेवढा दिसेल.

पैसे घेऊन येणारा एखादा असतोच; तो येताना आरटीओतला जाणकार सोबत आणतो. तिथून गोष्ट कायद्यावर जाते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की कंपनीने दिलेल्या आणि आरसी बुकात नोंदलेल्या तपशिलाला छेद देणारा बदल करायचा नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच ठणकावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी सोय केली. समोरच्या लोखंडी बंपरवर केंद्राने डिसेंबर २०१७मध्येच बंदी घातली होती. जाणकार गाडीभोवती फिरत एकेक बोट दुमडतो, दुसरा हात वापरायला काढतो, आणि मालक ज्याला खर्च म्हणत होता तो आता दंडाच्या भाषेत मोजला जातो. वर २०१२च्या गाडीची पंधरा वर्षं २०२७ला भरतात. नोंदणी वाढवायची तर गाडी तपासणीला उभी करावी लागणार, आणि ती या थाटात नाही. "दादा" वाचता येईल असा वळवलेला ४१४१ नंबरही गेला, कारण हाय सिक्युरिटी पाटीवर आकडे आकड्यांसारखेच लागतात.

अशा वेळी तारते ती घरामागच्या टिनाच्या शेडमधली अडगळ. ज्याने कंपनीची चाकं, बंपर, स्प्रिंगा आणि मागची बाकडी जपून ठेवली, तो मेकॅनिककडे दोन दिवस देऊन गाडी मूळ रूपात आणतो आणि बाजारभावाने विकतो. विंच, टायर आणि दिवे वेगळे विकायचे. त्यांचं गिऱ्हाईक यवतमाळात कमी, पुण्या-मुंबईच्या ऑफरोडवाल्यांत जास्त. गोव्यात २०१४पासून भर पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंजच्या स्पर्धा झाल्या, तिथे गाड्या नेणाऱ्या मंडळींना या सामानाची खरी किंमत कळते. ज्याने मूळ सामान भंगारात घातलं, त्याने भावाबद्दल फार बोलू नये.

सौदा ठरला तरी चावी देण्याआधी फॉर्म २९ आणि ३० भरून सह्या घ्या, आणि पावतीवर तारखेसोबत वेळही लिहा. गाडी राज्यातच विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. अनेक हात फिरलेल्या एका गाडीच्या अपघातात फेब्रुवारी २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्या माणसावरच टाकली होती. म्हणून आरसीवर नवं नाव चढल्याचं स्वतः तपासा, आणि तोपर्यंत विमा बंद करू नका.