सेन्सॉर पास, चेंबर नापास

सिनेमावर बंदी घालायला हल्ली सिनेमा पाहावा लागत नाही. बेंगळुरूने तर कमल हासन यांच्या 'ठग लाइफ'चा निकाल तो पडद्यावर यायच्या आधीच लावून टाकला. गुन्हा घडला होता चेन्नईत, तोही स्टेजवर. समोर बसलेल्या कन्नड अभिनेते शिवराजकुमारना हासन यांनी लाडात येऊन सांगितलं, तुमची भाषा तमिळमधून जन्मली. म्हणायचं होतं 'आपण एकच', ऐकू आलं 'आम्ही थोरले'. भाषेचे अभ्यासक दोघींना सख्ख्या बहिणी मानतात, म्हणजे विधान चुकीचंच. पण चूक भाषाशास्त्रातली आणि दंड वितरकाला, हा कुठला हिशेब?

कर्नाटक फिल्म चेंबरने फर्मावलं, माफी नाही तर प्रदर्शन नाही. निर्माते संरक्षण मागायला उच्च न्यायालयात गेले. ३ जून २०२५ ला तिथे त्यांनाच विचारणा झाली की हासन इतिहासकार आहेत की भाषातज्ज्ञ? एक माफी मागा, विषय मिटेल. हासन यांनी चेंबरला पत्र धाडलं. त्यात कन्नडवरचं प्रेम ओतप्रोत होतं, माफी तेवढी नव्हती. ५ जूनला सिनेमा बाकी देशात लागला, कर्नाटकात नाही. ज्या बेंगळुरूकराला पाहायचाच होता त्याने अत्तिबेले ओलांडून होसूर गाठायचं. तिथे तमिळनाडू सुरू होतो आणि दुखावलेल्या भावना संपतात.

मग सर्वोच्च न्यायालयाने कान उपटले. सेन्सॉरचं प्रमाणपत्र असलेला सिनेमा लागलाच पाहिजे, न आवडणाऱ्याने जाऊ नये, झुंडीच्या हाती रस्ते देता येणार नाहीत. चेंबरने सांगितलं, जमाव आला, दबाव होता, म्हणून माफी मागायला सांगणारं पत्र दिलं. मग पोलिसांत गेलात का? नाही गेले. १९ जूनला सरकारने संरक्षणाची हमी दिली आणि प्रकरण बंद झालं. वरातीमागून घोडं! तोवर दोन आठवडे उलटले होते आणि सिनेमा जिथे लागला होता तिथेही आपटला होता.

कर्नाटकाला हे नवं नाही. २०१७ मध्ये कटप्पा साकारणाऱ्या सत्यराज यांच्या कावेरीवरच्या नऊ वर्षं जुन्या भाषणापायी 'बाहुबली २' अडला होता. कटप्पानेच दिलगिरी व्यक्त केली, म्हणून त्याने बाहुबलीला का मारलं हे कन्नडिगांना वेळेत कळलं.

मराठी वाचकाने मात्र फार हसू नये, या शाळेचे जुने मास्तर आपणच. २००९ मध्ये 'वेक अप सिड'मधली पात्रं मुंबईला 'बॉम्बे' म्हणाली, तर निर्माता करण जोहर थेट राज ठाकरेंच्या घरी हजर. २०१६ मध्ये 'ऐ दिल है मुश्किल'मध्ये पाकिस्तानी कलाकार निघाला. 'वर्षा'वर मुख्यमंत्र्यांसमोर बैठक बसली आणि अशा निर्मात्यांनी सैनिक कल्याण निधीला पाच कोटी द्यावेत अशी मागणी पुढे आली. असला पैसा नको, असं निवृत्त लष्करी अधिकारीच म्हणाले. ज्यांच्या नावाने पावती फाडायची त्यांना तरी आधी विचारायचं! मुख्यमंत्री मात्र मांडवलीला साक्षीदार.

या सगळ्यात थिएटरवाल्याला कुणी विचारत नाही. त्याचा हिशेब साधा आहे. दर्शनी काच त्याची, खुर्च्या त्याच्या, तिकीट खिडकीवर बसलेला पोरगा त्याचा. सिनेमा आठवड्याने उतरणार, संघटनेचा शाखाध्यक्ष गल्लीतच राहणार. कोर्टाचा कागद काचेवर चिकटवता येतो, पण त्याने दगड अडत नाही. म्हणून तो 'तांत्रिक कारणास्तव' खेळ रद्द करतो आणि शेजारचा, कुणालाच न दुखावणारा सिनेमा जास्त वेळा लावतो. बंदीचा आदेश कुठेच नसतो, त्यामुळे आव्हान तरी कशाला देणार?

३ जुलैला 'ठग लाइफ' नेटफ्लिक्सवर आला. बेंगळुरूतही दिसला, घरोघरी, फोनवर. फोनलाही काच असते म्हणा, पण ती ज्याची त्यानेच फोडायची असते.