शालेय कागदशिल्पशास्त्राची मूलतत्त्वे

कागदशिल्प म्हणजे सपाट कागदाला घडी, वाक किंवा छेद देऊन लांबी-रुंदीबरोबर उंचीही मिळवून देण्याची कला होय. शालेय व्यवहारात मात्र ते सकाळी सादर करावयाचे असते आणि त्याची वार्ता आदल्या रात्री जेवणानंतर घरात फुटते. त्या वेळी दुकाने बंद असल्याने कार्डशीटचा मोह सोडून प्रिंटरमधील २१० बाय २९७ मिलिमीटरचा ए-फोर कागद प्रमाण मानावा. तो ८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणारा असल्यास एका पानाचे वजन सुमारे ५ ग्रॅम होते, आणि एवढ्या द्रव्यातून बहुधा हत्तीच मागितलेला असतो.

यंत्रावर कागद तयार होताना त्यातील बहुसंख्य तंतू यंत्राच्या गतीच्या दिशेने पडतात. या दिशेला येथे ‘कल’ म्हटले आहे. कलाला समांतर घडी स्वच्छ पडते आणि कागद फाटतोही सरळ, म्हणून एक पान दोन्ही दिशांनी फाडून परीक्षा घ्यावी. घरात धाकटे अपत्य असल्यास ही परीक्षा आधीच झालेली असते, केवळ निष्कर्ष नोंदवणे उरते. घडीच्या रेघेवरून शाई संपलेल्या बॉलपेनचे टोक दाबून फिरवले असता तंतू तेथे दबतात व घडी जागेवर बसते. हीच रेघ कमानीसारखी ओढली तर तिच्या दोन्ही बाजू परस्परविरुद्ध वाकून आपोआप फुगवटा येतो, आणि त्यातून गंडस्थळ साधते. पायांसाठी कागदाच्या नळ्या कराव्यात, कारण सपाट असताना लुळा पडणारा कागद गुंडाळला किंवा पन्हळी पत्र्यासारखा दुमडला की भार पेलू लागतो.

डिंक वा फेविकॉल थेंबभरच लावावा, कारण त्यातील पाणी शोषून तंतू फुगतात व कागदाला सुरकुत्या पडतात. तरीही त्या पडल्यास त्यांना हत्तीची कातडी म्हणावे. मूळ विषय ससा असल्यास विषय बदलावा.

या शास्त्राचा अधिक शुद्ध पंथही आहे. जर्मनीतील बाउहाउस या कलाशाळेत १९२३ पासून शिकवणारे योझेफ आल्बेर्स यांनी, त्यांचे विद्यार्थी हानेस बेकमान यांच्या आठवणीनुसार, वर्गात वर्तमानपत्रे वाटून त्यांचे काहीतरी करण्यास सांगितले आणि नंतर जहाजे, किल्ले, प्राणी बाजूला सारून केवळ उभी घडी घालून उभा केलेला कागद वाखाणला. एरवी आडवा पडून राहणारा कागद स्वतःच्या बळावर उभा राहतो आणि त्याच्या दोन्ही बाजू दिसतात, हे त्यांना कागदाच्या स्वभावाला धरून वाटले. हा निर्णय निःसंशय योग्य होता. तथापि एक घडी घातलेले पान घेऊन जाणाऱ्या पाल्याच्या वहीत ‘गृहपाठ अपूर्ण’ हाच शेरा येण्याचा संभव असल्याने, ते पान पालकांनी स्वतःच्या समाधानासाठी घरी ठेवावे व हत्ती शाळेत पाठवावा. पाठवण्यापूर्वी, हे शिल्प कोणी केले, या प्रश्नाचे उत्तर मात्र पाल्याकडून पाठ करून घ्यावे.