लपेल तिथे काढ!

मुलीनं टॅटू काढायचा म्हटलं की घरातून पहिली सूचना येते ती जागेची. सुई नवी आहे का, शाई कसली वापरतात, काढणारा हातमोजे घालतो का, हे कुणी विचारत नाही. ‘काढायचाच असेल तर लपेल तिथे काढ,’ एवढंच सांगतात. बाहीखाली, केसांखाली, पदराखाली. बघायला येणाऱ्यांच्या नजरेला पडला नाही म्हणजे झालं. तिच्या भावानं अख्खा दंड रंगवून आणला, तेव्हा त्याचं लग्न कसं जुळेल ही काळजी त्या घरात कुणालाही पडली नव्हती.

मला ही सूचना संतापजनक वाटते. बाईच्या अंगावरची जागा बाईनंच निवडावी. निवडताना तिनं स्वतःची कातडी, स्वतःचं काम आणि स्वतःची हौस बघावी. बघणाऱ्यांचं काय, हा प्रश्न तिचा नाही.

बाईच्या अंगावरची शाई आपल्याला काही नवी नाही. आपल्या आज्या-पणज्यांच्या कपाळावर, हनुवटीवर, हातांवर गोंदण असायचं. तुळस, विंचू, नवऱ्याचं नाव. मेल्यावर दागिने इथंच राहतात, गोंदण तेवढं सोबत येतं, अशी श्रद्धा होती. कितीतरी जणींनी ते अभिमानानं मिरवलं. पण कितीतरी जणींना ते कळत्या वयाच्या आधीच, जत्रेत नाहीतर अंगणात, धरून बसवून गोंदलं गेलं. कपाळ त्यांचं होतं, निवड त्यांची नव्हती. त्यांतल्या काही जणी पुढे मोठेपणी त्वचारोगतज्ज्ञाकडे जाऊन लेझरनं ते काढून घेतात. तेव्हा उघड्या कपाळावर गोंदण हवंच होतं, आता मनगटावरचा टॅटूही झाकायला हवा. ठरवणारे मात्र तेव्हाही दुसरे आणि आताही दुसरेच.

दुसऱ्यानं ठरवलं की ते कुठवर जाऊ शकतं, याचं टोक अमृतसरनं पाहिलं. 1993 मध्ये तिथल्या पोलिसांनी चार बायकांच्या कपाळावर ‘जेबकतरी’ असं गोंदलं. पाकीटमार. आरोप सिद्ध होण्याआधीच शिक्षा, आणि तीही कपाळावर, कारण कपाळ झाकता येत नाही. तीन पोलिसांना दोषी ठरवायला 2016 उजाडलं. रूढीचं गोंदण आणि हा अत्याचार मी एका पारड्यात टाकत नाही. पण बाईच्या कातडीवर तिला न विचारता लिहिता येतं, हे गृहीत धरल्याशिवाय असा गुन्हा घडत नाही.

म्हणून आज जी मुलगी स्वतःच्या पायांनी स्टुडिओत जाते, स्वतः जागा दाखवते, तिचं मला कौतुक आहे. तिला लाजवू नका, माहिती द्या. माहिती पुष्कळ आहे.

कातडीखाली लगेच हाड असलं की सुई जास्त बोचते: बरगड्या, पाठीचा कणा, नडगी, घोटा. दंडाची बाहेरची बाजू आणि मांडी त्या मानानं सोसवते. शाई कातडीत साधारण 1 ते 2 मिलिमीटर खोल बसते, पण सगळीकडे सारखी टिकत नाही. तळहात आणि बोटांच्या कडा रोज धुण्याभांड्यांत घासल्या जातात, तिथलं नाजूक चित्र लवकर विरतं. उन्हात राहणारी जागा फिकी पडते. पुढे बाळंतपण मनात असेल तर पोटावरचं चित्र ताणलं जाणार, हे आधीच धरून चाला. जखमेचा वण फुगून वर येणारी कातडी असेल, तर छाती आणि खांदा टाळा. तिळावर तर कधीच नको, कारण तिळाचा रंग-आकार बदलला तर तो डॉक्टरला दिसायला हवा.

कमरेवर टॅटू असला की बाळंतपणात पाठीतून भूल देता येत नाही, अशी भीती मुलींना घातली जाते. टॅटू पूर्ण भरलेला असेल तर भूलतज्ज्ञ सहसा शाई नसलेली जागा शोधून सुई देतात. अडचण येते ती ताज्या, न भरलेल्या जखमेची. गरोदरपणात टॅटू नकोच, त्यात जंतुसंसर्गाची जोखीम कशाला घ्यायची?

एका बाबतीत मात्र जागा खरोखर आयुष्य अडवू शकते, आणि ते मुलींना कुणी वेळेवर सांगत नाही. गावोगावच्या मैदानांवर पहाटे धावणाऱ्या, भरतीची तयारी करणाऱ्या मुलींनी हे नीट वाचावं. सैन्यभरतीच्या नियमानुसार कायमचा टॅटू कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूवर किंवा तळहाताच्या मागच्या बाजूवर चालतो. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रूढीनुसार वेगळी सवलत आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत तर हाताची आतली बाजू म्हणजे फक्त डावा हात, कारण उजव्यानं सलाम करायचा असतो. शिवाय त्या भागाच्या पाव हिश्श्याहून टॅटू लहान हवा. म्हणजे घरचे ज्या मानेमागच्या, पाठीवरच्या ‘लपणाऱ्या’ जागेचा आग्रह धरतात, तिथल्या टॅटूमुळे मुलगी वैद्यकीय तपासणीत बाद होऊ शकते. झाकायला सांगणाऱ्यांनी तिची नोकरी घालवली तर भरपाई कोण देणार? भरतीची जाहिरात आधी वाचा, मग सुईपाशी बसा.

आणखी एक गोष्ट दबक्या आवाजात बोलली जाते, ती मोठ्यानं बोलू. बरगड्यांवर, मांडीवर, छातीजवळ टॅटू काढायचा म्हणजे परक्या माणसाचा हात तिथे दोन-तीन तास असणार. बाई आर्टिस्ट मागा. मैत्रिणीला सोबत न्या. बाकीचं अंग झाकायला चादर मागा. हात नको तिथे गेला, तर चित्र अर्धं राहिलं तरी उठून या. ज्या स्टुडिओला या अटी जाचक वाटतात, तो स्टुडिओ तुमचा नाही.

काही जणींच्या बाबतीत तर जागा आधीच ठरलेली असते. कर्करोगात स्तन काढावा लागलेल्या अनेक बायका त्या व्रणावर फुलं, वेली काढून घेतात. व्रण पूर्ण भरू द्यावा लागतो, डॉक्टरला विचारावं लागतं. शस्त्रक्रियेची जागा आजारानं निवडली होती, त्यावर काय फुलवायचं हे त्या निवडतात. ते कपड्याखाली कुणाला दिसत नाही. त्यांना दिसतं, आणि तेवढं पुरतं.

तेव्हा आई-बाबांनो, काका-मामांनो, प्रश्न जरूर विचारा. सुई तुझ्यासमोर नव्या पाकिटातून काढणार का? भरतीचे नियम वाचलेस का? सोबत येऊ का? हे तिन्ही प्रश्न तिच्या भल्याचे आहेत. ‘लोकांना दिसेल’ हा त्यांतला नाही.

आणि तिनं सगळं ऐकून, वाचून, विचार करून मनगट म्हटलं, तर मनगट.